दंड, फी की हप्ता?

आज मेथीच्या जुडीपासून सुरुवात करते आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाते. मधे कुठे जड वाटलं तरी उठू नका, परत मेथीकडेच यायचं आहे.

आमच्या शेजारच्या गावात एक मावशी आहेत. स्वतःचा दहा गुंठ्यांचा तुकडा, बाकी भाजी आजूबाजूच्या बायकांकडून घ्यायची. पहाटे तीनला उठून जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची, पहिली गाडी पकडायची आणि उजाडायच्या आत शहरातल्या एका स्टेशनबाहेर बसायचं. एक दिवस सकाळी आठच्या सुमाराला ‘गाडी आली, गाडी आली’ असा ओरडा झाला. ज्यांचे पाय तरणे होते त्या पळाल्या. मावशींचे गुडघे दुखतात. पाटी, वजनकाटा, खाली अंथरलेलं गोणपाट, सगळं गाडीत गेलं. त्या दिवशी त्यांच्याकडे चाळीस जुड्या मेथी आणि थोडा पालक होता. माल फार तर हजार रुपयांचा.

दुपारी त्या गोदामावर गेल्या. तिथल्या माणसाने दीड हजार मागितले. रडून-भेकून सातशेवर आलं. पैसे त्याने खिशात घातले की पेटीत टाकले ते मावशींनी पाहिलं नाही. कागद काही दिला नाही. पाटी मिळाली, काटा मिळाला, मेथी पिवळी पडून गेली होती. मी शहराचं नाव सांगत नाही, मावशींना उद्या पुन्हा तिथेच बसायचं आहे.

बचत गटाच्या बैठकीत हप्ता भरायला पैसे कमी पडले तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. आणि मावशींनी मला विचारलं, “ताई, मी भरले ते सातशे दंडाचे होते, फीचे होते, का त्याच्या चहापाण्याचे?”

मला उत्तर देता येईना. मग मी वकीलबाईंना गाठलं, कागद वाचले, आणि आज तुम्हाला सांगायला बसले आहे.

आधी हे तीन शब्द वेगळे करू. फी म्हणजे काही सोय दिली म्हणून घेतलेले पैसे. बाजारात ओटा दिला, झाडलोट केली, दिवा लावला, त्याची फी. दंड म्हणजे कायद्यात लिहिलेला नियम मोडला म्हणून भरायचे पैसे. तो नियम कुठला, दंड जास्तीत जास्त किती, तो लावायचा अधिकार कुणाला, हे आधी छापलेलं असतं. आणि हप्ता म्हणजे हे दोन्ही नाही. हप्त्याची पावती नसते, हीच त्याची ओळख.

आपल्या राज्यघटनेत २६५ नंबरचं एक कलम आहे, एका ओळीचं. कायद्याचा आधार असल्याशिवाय कुठलाही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, असं ते सांगतं. फी आणि दंडालाही हेच लागू: मागणाऱ्याच्या हातात कायदा हवा, नुसती काठी नको. सरपंच असो, नगरपालिकेचा निरीक्षक असो की मंत्रालय, सगळे त्याच ओळीखाली येतात.

कर आणि फी यांत फरक काय, हे सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच सांगितलं, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या जुन्या मुंबई राज्यातलं होतं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त संस्था कायद्याने देवस्थानांकडून आणि ट्रस्टांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली होती. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी कोर्टात गेले. वर्गणीच्या मुद्द्यावर ते हरले. कोर्ट म्हणालं, हा पैसा वेगळ्या फंडात जातो आणि ट्रस्टांच्याच कारभारावर खर्च होतो, म्हणून ही फी आहे, चालेल. कायद्यातली दुसरी काही कलमं मात्र त्याच निकालात रद्द झाली. पण हरलेल्या मुद्द्यातूनही एक माप हाती आलं: फी घेता ना, मग त्या बदल्यात काय देता ते दाखवा. पुढच्या निकालांनी हे माप थोडं सैल केलं. रुपयाला रुपया हिशेब जुळला पाहिजे असं नाही, पण फीचा आणि सोयीचा काही संबंध तरी दिसला पाहिजे.

आणि सोय काहीच नसताना, किंवा नियमात फी नसतानाच पैसे घेतले तर? याचं उदाहरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत स्टेशनाजवळच्या, रस्त्याकडेच्या मुताऱ्या पुरुषांना फुकट, आणि बाईने आत पाऊल टाकलं की दाराशी बसलेला माणूस हात पुढे करणार. बाई कशाला गेली हे त्याला कसं कळणार, म्हणून सरसकट पैसे! २०११ पासून मुंबईतल्या महिला संघटनांनी यावर ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवली. दिवसभर बाजारात बसणाऱ्या बाईला हे दोन-पाच रुपये दिवसातून तीनदा द्यावे लागतात, म्हणून ती पाणीच पीत नाही. आपल्यापैकी किती जणी असं करतात ते मी विचारत नाही, मला माहीत आहे. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने बायकांच्या शौचालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला, आणि बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालयं पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने सांगितलं.

आता रस्त्यावरच्या विक्रीकडे येऊ. यासाठी मुंबईची उपनगरं बघायला हवीत, कारण ही लढाई तिथे पन्नास वर्षं चालली आहे. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर ही नावं तुम्हाला सिनेमातून किंवा कामाला गेलेल्या भाच्याकडून माहीत असतील. पण या स्टेशनांबाहेर पालेभाजी, भेंडी, कंदमुळं, सुकट घेऊन बसणाऱ्या कित्येक बाया आपल्यासारख्याच गावांतल्या आहेत. पश्चिमेला वसई, पालघर, डहाणूकडून येतात, मध्य रेल्वेवर कर्जत, कसाऱ्याकडून. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसातून घरी जाताना दोन जुड्या पिशवीत टाकणारी दुसरी बाई.

मुंबई महापालिकेने १९७८ च्या सुमाराला फेरीवाल्यांना नवीन परवाने देणं बंद केलं. परवाने पंधरा हजारांच्या आसपास होते, आणि शहर वाढत गेलं, विकणारे वाढत गेले. परवाना मिळण्याची वाटच बंद, म्हणजे नवीन बसणारी प्रत्येक बाई आपोआप बेकायदा. दंड करायला यापेक्षा सोपी जमीन नाही. जिथे कागद मिळूच शकत नाही, तिथे कागद नाही म्हणून पैसे मागता येतात.

पुढे पालिकेनेच एक मधली वाट काढली. विनापरवाना बसणाऱ्यांकडून रोज थोडे रुपये घ्यायचे आणि एक चिठ्ठी द्यायची. कागदोपत्री ते जागा वापरल्याचे आणि कचरा उचलल्याचे पैसे. लोकांनी त्याला नाव दिलं ‘पावती’. फेरीवाल्यांना वाटलं, पावती आहे म्हणजे आपण आता कायदेशीर झालो. बायांनी त्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, उशीच्या अभ्र्यात जपून ठेवल्या. नंतर ही पावतीही बंद झाली.

फेरीवाल्यांच्या संघटना त्याआधीच सुप्रीम कोर्टात पोचल्या होत्या. ‘बॉम्बे हॉकर्स युनियन’च्या खटल्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. त्यांनी १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातल्या काही कलमांना आव्हान दिलं होतं. त्यातलं ३१४ वं कलम लक्षात ठेवा. त्या कलमाखाली रस्त्यावर विनापरवाना विकायला ठेवलेला माल नोटीस न देता उचलता येतो. इंग्रजांच्या काळातला कायदा, पण गाडीतून उतरणारा माणूस आजही त्याच्याच जोरावर पाटी उचलतो. कोर्टाने ही कलमं रद्द केली नाहीत. रस्ता चालणाऱ्यांचा आहे असं कोर्ट म्हणालं. पण नुसतं हाकलू नका, विक्रीची क्षेत्रं ठरवा, परवाने द्या, वेळ आणि जागेचे नियम करा, असंही सांगितलं. त्याच महिन्यात, १० जुलै १९८५ ला, फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्याचा निकाल लागला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो ओळखला जातो. पोट भरायचं साधन काढून घेणं म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणं, हे त्यात लिहिलं गेलं. तेव्हा सरन्यायाधीश होते आपले यशवंत विष्णु चंद्रचूड, आणि दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

चार वर्षांनी, १९८९ मध्ये, दिल्लीच्या सोदान सिंग नावाच्या कपडे विकणाऱ्या माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. रस्त्यावर विक्री करणं हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्कात येतो, त्यावर वाजवी बंधनं घालता येतील, पण तो हक्क आहे, असं सांगितलं. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्या बायकाही त्याच दशकात इला भट यांच्या ‘सेवा’ संघटनेमार्फत सुप्रीम कोर्टात गेल्या आणि आपली जागा राखून आल्या.

मुंबईत मात्र भांडण संपलं नव्हतं. ‘महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन’चा खटला चालला, आणि ९ डिसेंबर २००३ च्या निकालात कोर्टाने मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी अटींची एक यादीच दिली. एक मीटर बाय एक मीटर जागा, सकाळी सात ते रात्री दहा, स्टेशनपासून आणि मंडईपासून दीडशे मीटरच्या आत बसायचं नाही, पुलावर बसायचं नाही. त्यातली फीबद्दलची अट मला फार महत्त्वाची वाटते. पालिकेने ठरवलेली फी भरावी लागेल, पण फी भरली म्हणून एखाद्या ठरावीक जागेवर हक्क लागत नाही. म्हणजे उशीच्या अभ्र्यातल्या त्या चिठ्ठ्यांनी जागा मिळाली नाही. मग त्या कामाच्याच नव्हत्या का? तसंही नाही. मी अमुक सालापासून इथे बसते आहे, आणि पालिकेनेच माझ्याकडून पैसे घेतले आहेत, हे सांगायला तेवढाच एक कागद होता. परवाना आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली म्हणून गायरानातलं घर नावावर होत नाही, पण आपण तिथे राहतो हे त्यातून दिसतं, तसंच.

शेवटी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला कायदा करायला सांगितलं, आणि संसदेने तो केला. १ मे २०१४ पासून फेरीवाल्यांचा, म्हणजे पथविक्रेत्यांचा कायदा लागू झाला. हा फक्त मुंबईचा नाही. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, सगळीकडे लागू आहे. म्हणजे तालुक्याच्या गावात नगरपंचायत झाली असेल आणि तुम्ही तिथे बसत असाल, तर तो तुमचाही आहे.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर याच कायद्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

या कायद्याप्रमाणे पालिकेने फेरीवाल्यांची पाहणी करायची, पात्र असेल तिला विक्री प्रमाणपत्र द्यायचं. प्रमाणपत्र देताना बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना प्राधान्य. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत आधीपासून बसणाऱ्या कुणालाही उठवायचं नाही, हे तिसऱ्या कलमात आहे. नंतरही उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस. नोटीशीनंतरही कुणी उठलं नाही तर दंड, पण तो दिवसाला जास्तीत जास्त अडीचशे रुपये, आणि जप्त केलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. हे वाक्य मी मावशींना दोनदा वाचून दाखवलं. हजाराच्या मालावर दीड हजार कुठल्याही हिशेबात बसत नव्हते. प्रमाणपत्राशिवाय विकलं किंवा प्रमाणपत्रातली अट मोडली तर वेगळा दंड आहे, तोही एका गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन हजार. ही वरची मर्यादा आहे, प्रत्येक वेळी दोन हजारच घ्यायचे असं नाही.

आता माल. एकोणिसाव्या कलमाप्रमाणे माल जप्त केला तर जागेवर यादी करायची. चाळीस जुड्या मेथी, बारा जुड्या पालक, एक काटा, एक पाटी. त्या यादीवर जप्त करणाऱ्याने सही करायची आणि एक प्रत बाईच्या हातात द्यायची. ती बाई माल मागायला गेली की टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा, आणि नाशवंत माल त्याच दिवशी. भाजी, फळं, मासे, फुलं, दूध, सगळं नाशवंत. सोडवायची फी आहे, पण ती पालिकेच्या योजनेत ठरलेली असावी लागते. गोदामावरच्या माणसाच्या मनावर ती नाही.

मैत्रिणींनो, ही यादी फार कामाची आहे. यादी नसेल तर किती माल गेला हे सिद्ध करता येत नाही, तो आला तेव्हा किती कमी आला हे सांगता येत नाही, दंड मालापेक्षा जास्त होता हेही दाखवता येत नाही. गाडीतला माणूस यादी का देत नाही, हे आता वेगळं सांगायला नको. तो म्हणेल, “बाई, गर्दी आहे, गोदामावर ये, तिथे बघू.” तेव्हा शेजारणीला सांगा मोबाईलवर फोटो काढ. फोटोत पाटी, गाडीचा नंबर आणि वेळ आली तरी खूप झालं. घरी जाऊन वहीत तारीख, वेळ, माल लिहा. कोर्टात वकिलाच्या तोंडापेक्षा ही वही जास्त बोलते असं आमच्या वकीलबाई म्हणतात.

तक्रार कुठे करायची? या कायद्यात तक्रार निवारण समिती आहे. तिचा अध्यक्ष पूर्वी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेला माणूस असावा लागतो, पालिकेचा नोकर नाही. शिवाय नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान चाळीस टक्के फेरीवाल्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका.

कागदावर हे सगळं फार छान आहे. प्रत्यक्षात काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही उद्या कलमं पाठ करून जाल आणि मग माझ्या नावाने बोटं मोडाल. मुंबईत २०१४ साली पाहणी झाली, सुमारे ९९ हजार अर्ज आले. या समित्यांच्या निवडणुका झाल्या त्या ऑगस्ट २०२४ मध्ये, कायदा आल्यावर दहा वर्षांनी, आणि मतदार यादीत होते सुमारे ३२ हजार. मधल्या काळात २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं, स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाला नको. आता मुलुंडला किंवा घाटकोपरला उतरून बघा. गिऱ्हाईक असतं ते त्याच दीडशे मीटरमध्ये. पुढे ती रिक्षात बसली की गेली.

आणि दुसरी बाजू मनात ठेवायलाच हवी. बोरिवली पूर्वेच्या दोन दुकानदारांनी आपल्या दुकानापुढे फेरीवाले बसतात म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि पुढे न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला. म्हातारी माणसं, गरोदर बाई, लेकरं शाळेत नेणारी आई, यांनाही फुटपाथ हवा असतो. मला विचाराल तर पुलावर बसणं चूकच आहे, पोट कितीही मोठं असलं तरी. आणि फेरीवाल्यांचा हा कायदा रेल्वेच्या जागेला लागूच नाही. फलाट, पूल, रेल्वेचं आवार, तिथे रेल्वेचा वेगळा कायदा चालतो. मावशी जिथे बसायच्या ती जागा पालिकेची की रेल्वेची, हेच आम्हाला आधी शोधावं लागलं. स्टेशनबाहेरची कुठली फरशी कुणाची, हे तिथल्या पोलिसालाही पटकन सांगता आलं नाही.

फक्त फेरीवालेच कोर्टात जातात असं समजू नका. मुंबईतल्या घरमालकांनी मालमत्ता कराच्या नियमांना आव्हान दिलं होतं. कायदा म्हणत होता, जमीन आज आहे तशी धरून किंमत काढा. नियम मात्र उद्या तिथे किती मजले बांधता येतील तेही धरून कर काढत होते. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे तीन नियम रद्द केले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. म्हणजे गरिबाची पाटी असो की श्रीमंताचा मजला, प्रश्न एकच: कायद्यात जेवढं लिहिलं आहे त्याच्या बाहेर जाऊन तुम्ही मागताय का?

आपल्या आठवडी बाजाराचंही तसंच बघा. ग्रामपंचायतीला बाजाराची फी घ्यायचा अधिकार आहे. बऱ्याच ठिकाणी वसुलीचा लिलाव होतो आणि ठेकेदाराची पोरं पिशवी घेऊन फिरतात. पाटीला किती, हातगाडीला किती, टेम्पोला किती, हे दर पंचायतीने ठरवलेले असतात. ठेकेदार ठरवत नाही. पण किती गावांत ते दर बाजाराच्या तोंडाशी लिहिलेले आहेत? पाच जणींनी मिळून ग्रामपंचायतीकडे दरपत्रक मागा. दिलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दरापेक्षा जास्त घेतात असं दिसलं तर पंचायत समितीकडे दाद मागता येते. यात कोर्टाची पायरी चढायची वेळ बहुधा येतच नाही. दर लिहिलेला कागद हातात आला की पिशवीवाल्या पोराचा आवाज आपोआप खाली येतो, हे आमच्या बाजारात मी पाहिलं आहे.

चढायचीच वेळ आली तर? बायकांना पहिली भीती वकिलाच्या फीची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही, नवऱ्याची सही लागत नाही. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. फोन करायचा तर १५१००. कोर्टाच्या स्टॅम्पाचीही भीती काही बाबतीत धरायचं कारण नाही. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ केली आहे. फेरीच्या दंडाचं प्रकरण यात बसत नाही, पण घरातलं भांडण घेऊन दारात बसलेल्या कितीतरी जणींना हे माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवलं.

आणि जागेवर काय करायचं, तेही ऐका. कुणी दंड मागितला तर भांडू नका, हात उगारू नका, पळूही नका. विचारा, “साहेब, कुठल्या कलमाखाली? पावती द्याल ना?” पावतीवर पालिकेचं नाव, नंबर, रक्कम, तारीख आहे का बघा. पावती देत नसतील तर म्हणा, माझ्यावर रीतसर केस करा, मी कोर्टात भरते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड या ठिकाणी न्यायदंडाधिकाऱ्यांची कोर्टं आहेत, तशीच आपल्या तालुक्यालाही आहेत. तिथे दंड न्यायाधीश ठरवतो आणि कागद मिळतो. पण एकटीने हे बोलायला जीभ वळत नाही हे मला कळतं. वर सांगितलेल्या मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यांवर युनियनचं नाव आहे, एकेकटीचं नाही. खटला वर्षानुवर्षं चालतो, मधे पाऊस येतो, लग्नं येतात, दुखणी येतात, एकटी बाई तेवढं ओढू शकत नाही.

मावशींचं पुढे काय झालं ते राहिलं. ते सातशे रुपये परत मिळाले नाहीत. कागदच नव्हता, मागणार कशाच्या जोरावर? पण त्यांनी आणि आणखी नऊ जणींनी मिळून त्या पालिकेत पाहणीसाठी अर्ज दिला आहे, त्याची पोच घेतली आहे. दीड महिन्याने गाडी पुन्हा आली. या वेळी दहाही जणी उठल्या नाहीत. मावशींनी पोचेचा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “न्या माल, पण आधी यादी लिहा. मेथी तीस जुड्या आहे, मोजून घ्या.” त्या माणसाने कागद उलटसुलट पाहिला, फोनवर कुणाशी तरी बोलला. त्या दिवशी माल गेला, पण यादी मिळाली, सहीसकट. संध्याकाळी चारला माल परत आला. पावती फाडली दोनशे रुपयांची. मेथी अठ्ठावीस जुड्या होती. दोन जुड्या कुठे गेल्या, याचा अर्ज मावशींनी आमच्या वकीलबाईंकडून लिहून घेतला आहे.